दोघांतलं कोणतं

आंधळगावच्या आठवडी बाजारात तुम्ही वांगी निवडत उभे आहात आणि मागून एक हात येतो, अंगठ्यानं तुमच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढतो. ओढणारा उंच, सावळा, पिकल्या मिशांचा माणूस. दुसऱ्या हातात फुटाण्याची पुडी. पापणीच्या आतला रंग बघून तो "हं" म्हणतो आणि पुढच्या माणसाकडे जातो. नवखा असला तर मारायलाच धावायचा. आमच्याकडच्या बायका मात्र आपणहून तोंड वर करायच्या आणि उरलेल्या एका डोळ्यानं वांगी बघणं चालूच ठेवायच्या.

हे आमचे डॉक्टर. मूळचे साकोलीकडचे, नागपूरला मोठ्या नोकरीत रक्ताचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक बंगला बांधतात; यांनी आंधळगावच्या स्टँडमागं दोन खोल्या घेतल्या. बायको नाही, मूल नाही. का आलात इकडं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मायावाले सारे पेशंट इकडलेच. ते हेलपाटे घालून मरून राहिले होते, म्हून मीच आलो." खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रिज आणि दोन खुर्च्या. पंखा होता, पण लावायचे नाहीत. मे महिन्यात स्वतः पाय पाण्याच्या बादलीत घालून बसायचे आणि आम्ही समोर घामानं निथळायचो. बोललो तर म्हणायचे, "तूबी एक बादली घेऊन ये."

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. विहारामागच्या मैदानात मांडव, नवरा-नवरी स्टेजवर, फोटोवाला 'मॅडम, जरा हसा' करतोय. हे अहेर द्यायला म्हणून वर चढले आणि नवरीची पापणी ओढून उभे. "हिले पयले पानी पाजा! फोटो कायचे काढता? पांढरीफट पडून राहिली पोट्टी." नवरदेवाचा मामा भडकला, "तुम्ही कोण?" तर म्हणे, "मी रगताचा डॉक्टर. तुयाही डोळा दाखव." आणि मामानं दाखवला! का कोण जाणे, सगळेच दाखवायचे.

आमच्या भागात सिकल खूप. सिकल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. जिथं अडकतात तिथं असं दुखतं की माणूस भिंतीवर डोकं आपटतो. गार पाणी, तहान, दमणूक, ताप, कशानंही उठतं ते. आमच्या घरात दोघांना होतं: मला आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या दादाला. बाबा तुमसरला राइस मिलमध्ये पोती वाहायचे आणि घरी आले की पडायचे, त्यामुळे आम्हाला डॉक्टरकडे न्यायचं, गोळ्या गिळवायच्या, रात्रभर पाय चोळायचे हे सगळं आईचं. आईइतकी तापट बाई मी दुसरी पाहिली नाही. डॉक्टर आणि ती एकमेकांवर ओरडायला लागले की बाहेरच्या बाकावरचे लोक गप्पा थांबवून ऐकायचे.

डॉक्टरांच्या ओरडण्याची एक गंमत होती. गंमत म्हणायची झाली तर. ते ओरडायचे ते आमच्या अस्सल झाडीबोलीत. 'अबे', 'पोट्ट्या', 'बह्याड', 'पानी कायले नाई पेत बे, तुया बाप तलावात जीव देऊन राहिला का?' असं सगळं. पण एखाद्याचं काही खरं नसलं की त्यांची भाषा बदलायची. एकदम शुद्ध मराठी. "बसा. तुम्ही जेवलात का? घरून कोण आलं आहे सोबत?" लोक काही मूर्ख नव्हते. त्यांनी हे हेरलं. मग झालं असं की आत गेलेला माणूस शिव्या खाऊन आला की बाहेर हसत यायचा. "लय झापलं सरांनं!" बाकावरचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आणि 'तुम्ही'चा मान मिळालेला माणूस पायरीवरच खाली बसायचा.

डॉक्टरांना याचा पत्ता कित्येक वर्षं नव्हता. तो लागला एका म्हातारीमुळे. त्यांना प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई होत्या त्या. साधा ताप घेऊन आल्या. आपल्याच बाई, म्हणून डॉक्टर अदबीनं बोलले, "बसा बाई, तुम्ही कशाला आलात, मी आलो असतो." संपलं. म्हातारी घरी गेली, अन्न सोडलं, कोंबड्या वाटून टाकल्या, मुलींना सासरहून बोलावून घेतलं. डॉक्टर ताप बघायला गेले तर अंगणात नातेवाइकांची ही गर्दी. काय प्रकार आहे ते कळल्यावर त्यांनी तिथंच उभं राहून आपल्या बाईंना असल्या काही शिव्या दिल्या की सुनेनं कानावर हात ठेवले. बाई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी ठरवलं, सगळ्यांवर सारखंच ओरडायचं. पण लोकांचा विश्वास आता ओरडण्यावरच बसला होता, तो काही हलेना. लोक झापण्याची प्रत ठरवायला लागले. आमची आईही विचारायची, "केवढं झापलं? बापावर गेला का?" शिवी बापावर गेली असेल तर उत्तम.

आता त्यांच्या बुचांबद्दल सांगायला हवं, कारण आमचं सगळं त्याच्यावरच फिरलं. तलावाच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, शेताला पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. डॉक्टर पेशंटच्या तळहातावर बॉलपेननं तलाव काढायचे, पाळ काढायचे, तुडूम काढायचे. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त एका वेगळ्या जनुकावर चालतं, ते एक तुडूम. जन्मल्यावर काही महिन्यांत शरीर त्या जनुकावर मिथाइल नावाच्या रेणूंची बुचं ठोकतं, ते बंद होतं आणि मोठ्या माणसाचं दुसरं तुडूम उघडतं. आम्हा सिकलवाल्यांचं ते दुसरंच बिघडलेलं. "पयलं तुडूम फुटलं नाई, मोडलं नाई. त्याच्यात पानी हाय. फक्त बूच हाय त्याच्यावर," ते म्हणायचे आणि तळहातावर पेन इतकं दाबायचे की दुखायचं. काही माणसांत ही बुचं सैल बसतात. त्यांच्या अंगात बाळाचं रक्त मोठेपणीही थोडं थोडं झिरपत राहतं, ते पेशींना वाकडं होऊ देत नाही. ती माणसं बऱ्यापैकी जगतात. ज्यांची बुचं घट्ट, त्यांना गोळीचाही फार उपयोग होत नाही. गावात डॉक्टरांना 'बूच डॉक्टर' म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

मी सातवीत असेन. डॉक्टरांनी आम्हा भावंडांचं रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात घातलं आणि स्वतः जाऊन नागपूरहून कुठल्याशा मोठ्या संस्थेत पाठवलं. बुचं मोजायला. बरेच महिने गेले. मग एक दिवस आम्ही औषधाला गेलो तर डॉक्टर बादलीतून उठले, ओल्या पायांनी तसेच बाहेर आले आणि लहान मुलासारखे आनंदानं ओरडले, "अवो बाई, एका मायच्या पोटची दोन लेकरं, एकच रोग, आन बुचं येगळी येगळी!"

माणूस ज्ञानानं कसा आंधळा होतो बघा. त्यांना फक्त बुचं दिसत होती. समोर आई उभी आहे हे दिसलं नाही.

आई म्हणाली, "म्हंजे? एकाचं चांगलं आन एकाचं वाईट?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाळावर हात मारला. "बह्याड आहो मी, बाई. मी बोलालेच नाई पाह्यजे होतं."

"दोघांतलं कोनतं?"

"नाई सांगत."

"दोघांतलं कोनतं, डॉक्टर? माय आहो मी."

"म्हूनच नाई सांगत. सांगतलं तं तू एकाचीच माय होशीन."

आईनं त्यांची खुर्ची ढकलली, फुटाणे उधळले, 'तुमचं मढं बसवलं' म्हणाली. मी आणि दादा दाराशी उभे होतो. डॉक्टर जमिनीवरचे फुटाणे वेचत म्हणाले, "मी शंभर पेशंटचं सांगू शकतो, एकाचं नाई. अंदाज हाय हा, पंचांग नाई. आन ज्याचं रगत त्याची गोष्ट. अठरा झाले का ज्याचं त्यानं यावं, एकट्यानं. मी सांगीन." आई म्हणाली, "तवरिक मी काय करू?" त्यांनी वेचलेले फुटाणे पुडीत भरले.

आईनं काय केलं ते सांगते. ती आम्हाला बघत राहिली. जेवताना, झोपताना, शाळेत जाताना. कुणाला श्वास लागतो, कुणाचे डोळे पिवळे दिसतात. मी वाळकुडी होते, सारखी आजारी. दादा अंगानं भरलेला, शिट्टी वाजवत हिंडणारा. पण तिनं काही ठरवलं नव्हतं. दादा अठराचा होईपर्यंत तिनं खरोखर दोघांनाही सारखंच सांभाळलं.

दादा अठराचा झाला आणि गेला. आई आणि मी बाहेर बाकावर. आतून ओरडण्याचा आवाज आला नाही, पण ट्रॅक्टर चालू होता शेजारी, म्हणून आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळानं दादा बाहेर आला. हसत.

"लय झापलं बे!" तो म्हणाला.

"केवढं?" आई उठलीच.

"बापावर गेले. आजोबावरबी गेले."

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती रडली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कधी विसरणार नाही. मेलेल्या माणसाचे कपडे बघतात तसं.

त्या दिवसापासून मी घरातली मरणारी मुलगी झाले. अंडं मला, दूध मला, स्वेटर मला, आंघोळीला कढत पाणी मला. आई म्हणायची, "तुले काई काम नाई, तू फक्त बस." मला कॉलेजात घातलं, कारण सावलीतली नोकरी लागेल. मी लाडानं नाही, रागानं वाढले. कुणी मऊ बोललं की अंगावर जायचे. अठराची झाले तेव्हा डॉक्टरांकडे गेलेच नाही. काय ऐकायचं होतं तिथं? मला माहीतच होतं.

आणि दादा मोकळा सुटला. बारावीनंतर शिकला नाही. मिलमध्ये जायचा, मासे धरायला जायचा, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला जायचा. रोवणा म्हणजे दिवसभर गुडघाभर गार चिखलात, पाऊस अंगावर, वाकून. सिकलच्या माणसानं करू नये असं एकच काम सांगा म्हटलं तर हेच. त्याला दुखायचं की नाही? दुखत असणारच. रात्री तो बाहेर पडवीत झोपायचा, शिट्टी वाजवत. आम्हाला वाटायचं मजेत आहे.

डॉक्टर शेतावर यायचे. छत्री घेऊन बांधावर उभे राहायचे आणि तिथून बोंब मारायचे, "निघ बाहेर! निघ म्हनतो ना पान्यातून, हरामखोरा! तुया बापाचं शेत हाय का ते?" रोवणाऱ्या बायका खदखदून हसायच्या. दादाही हसायचा आणि हात हलवायचा. कुणीतरी घरी येऊन सांगायचं, आज डॉक्टरनं बांधावरून कसं झापलं. आई खूश. "पोट्ट्याचं काई भेव नाई," ती म्हणायची, "इतलं झापतेत त्याले." एकदा तर ती त्यांच्यासाठी डब्यात मासे घेऊन गेली. त्यांनी डबा परत पाठवला, तसाच भरलेला. आम्ही म्हटलं, चक्रम माणूस.

दादा गेला तो श्रावणात. संध्याकाळी ताप चढला, छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. डॉक्टर आले, त्यांनीच गाडीत घालून भंडाऱ्याला नेला. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ऑक्सिजन लागला, रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच वाक्य म्हणत होती, "चुकलं काईतरी. हा नाई. चुकलं." नर्सला सांगत होती, पोलिसाला सांगत होती. माझ्याकडे बोट दाखवत नव्हती, पण मी तिथंच उभी होते.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला डॉक्टर आले. शेवटच्या रांगेत बसले, कुणाची पापणी ओढली नाही. आईनं त्यांना 'जय भीम' घातला नाही, पाणी विचारलं नाही. त्यानंतर तिनं त्यांचं नावही काढलं नाही.

मी पुढच्या आठवड्यात गेले त्यांच्याकडे. भांडायलाच गेले होते.

"आता तरी सांगा," मी म्हटलं.

"तुयं सांगतो," ते म्हणाले. "तुयी बुचं सैल हायेत. पयल्यापासून. बरीच जगशीन तू, बहुतेक. मी शंभराचं सांगून राहिलो."

"आणि त्याचं?"

"त्याचं नाई. मेला म्हून त्याचं रगत मायं नाई झालं."

माझं डोकं फिरलं. "नका सांगू. एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही त्याला झापलं होतं का?"

डॉक्टरांनी हातातली फुटाण्याची पुडी खाली ठेवली. "नाही," ते म्हणाले. "मी त्याला म्हणालो, बसा."

मग मी ओरडले. आईसारखीच ओरडले. "मग बांधावर उभं राहून बोंबलत कशाला होता? आम्ही हसत होतो! आई मासे घेऊन आली तुम्हाला! घरी येऊन एकदा सांगितलं असतं, तर तिनं त्याला खाटेला बांधून ठेवलं असतं!"

"शब्द घेतला होता त्यानं मायाकडून."

"आग लागो तुमच्या शब्दाला."

"लागो," ते म्हणाले. "शब्द मोडायचा नव्हता, आन पोट्ट्याले मरूबी द्यायचं नव्हतं. ओरडनं तेवढं हातात होतं. तुमी लोक त्याचा उलटा अर्थ लावता हे मले मालूम होतं. तरीबी ओरडत होतो. दुसरं काय करू, सांग." म्हातारा रडत होता. मला त्यांची कीव आली नाही त्या दिवशी. आज येते, आणि रागही तेवढाच येतो. दोन्ही एकदम येतं, त्याला मी काय करू?

दादानं असं का केलं ते मला कळलेलं नाही. लोक म्हणतात, बहिणीसाठी केलं. असेल. मला वाटतं, आईनं आपल्याकडे त्या नजरेनं बघू नये एवढंच त्याला हवं होतं. ती नजर काय असते ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पण त्याच्या वाटची ती नजर मला मिळाली, आणि तिच्यासोबत अंडं, दूध, स्वेटर, सगळंच.

मी आज मोहाडीला सरकारी कचेरीत नोकरी करते. सांधे दुखतात, अधूनमधून भरती व्हावं लागतं, पण आहे. डॉक्टर पुढे थकले, पुतण्यानं साकोलीला नेलं. तिथं म्हणे बसस्टँडवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पापण्या ओढायचे, आणि एकदा कुणीतरी खरंच मारलं. गेल्या हिवाळ्यात वारले. फोन आला तेव्हा मी घरी होते. आई चुलीसमोर बसली होती.

"डॉक्टर गेले," मी म्हटलं.

तिनं चूल फुंकली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. दादाला माहीत होतं, तो खोटं बोलला, डॉक्टर बांधावरून का ओरडत होते, सगळं. मला वाटलं ती छाती बडवून घेईल, त्या माणसाला शिव्या घालेल, निदान मेल्यावर तरी.

आईनं लाकूड आत सरकवलं. "बरं केलं डॉक्टरनं," ती म्हणाली.

"काय बरं केलं?"

"मले नाई सांगतलं ते. मले मालूम असतं तं अंडं त्याले देल्लं असतं, सेटर त्याले. घरात कोनीतरी कमावाले पाह्यजेच होतं. तुले धाडलं असतं रोवन्यात." ती माझ्याकडे बघत होती, सरळ. "रडली असती मी, पन तुलेच धाडलं असतं. पोरगा होता तो."

भात झाला होता. तिनं ताटात वाढला, वर माशाचा रस्सा घातला, आणि मी जेवले.